पोस्त की चिरीमिरी? पॅराशूट पॅक करणाऱ्यांना टिप द्यायची तर कशी

एका वाचकाचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. लिहिणारा तिशीतला, मूळचा सातारा जिल्ह्यातला, आता अॅरिझोनात नोकरीला. दीड वर्षापूर्वी स्कायडायव्हिंग शिकला, ए लायसन्स (पहिल्या पातळीचा परवाना) झालं, एकूण ६१ उड्या झाल्यात आणि नुकतीच सेकंडहँड रिग (पाठीवरची पॅराशूटची पूर्ण पिशवी) घेतलीय. पॅकिंग येतं पण त्याला पाऊण तास लागतो, तेवढ्यात दोन लोड (विमानाच्या खेपा) वर जाऊन येतात, म्हणून तो पॅकरकडे देतो. त्याच्या ड्रॉपझोनवर (उड्या मारायच्या तळावर) एका पॅकचे ८ डॉलर. वर टिप द्यायची का यावर प्रत्येकाचं वेगळंच. एक जण दर वेळी १० ची नोट देऊन "राहू दे" म्हणतो. दुसरा, आपल्याकडचाच, म्हणतो की रेट ठरलेला असताना वर पैसे देऊन तुम्ही लोकं सवयी बिघडवता.

मागच्या महिन्यात आईवडील आले होते तेव्हा ६२ वर्षांच्या आईने टँडम उडी (इन्स्ट्रक्टरला बांधून मारतात ती) मारली. शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली ते बघितल्यापासून तिच्या मनात होतं. इन्स्ट्रक्टरला ४० डॉलर दिले, व्हिडिओवाल्याला २०. निघताना पॅकिंगच्या शेडमध्ये बघितलं तर एक मुलगी आईचं ते भलंमोठं पॅराशूट अंथरून गुडघ्यांवर बसलेली, घामाने निथळत होती. वडील म्हणाले, "तिला पगार असतोच की." घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. तो लिहितो, "जिने आईचा जीव सांभाळला तिला शून्य आणि व्हिडिओवाल्याला २०? जिवाची किंमत किती धरायची असते? आणि खरं सांगू का ताई, टिप नाही दिली तर माझं पॅराशूट नीट पॅक होईल ना, हेही मनात येतं."

मित्रा,

तुझं शेवटचं वाक्य मी आधी घेते. ते तू सगळ्यात शेवटी आणि जरा लाजत लिहिलंयस, आणि बाकीचा गोंधळ तिथूनच आलाय असं मला वाटतं.

आपल्याकडे वरच्या पैशाला किती शब्द आहेत बघ. दिवाळीत पोस्टमनला, वॉचमनला, कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना देतो ती पोस्त. वरातीत बँडवाल्याने मनासारखं वाजवलं म्हणून हातात ठेवतो ती बक्षिसी. आणि आपलं काम अडू नये, आपला कागद ढिगात खाली जाऊ नये म्हणून हळूच सरकवतो ती चिरीमिरी. नोट तीच असते, पण देताना मनात काय आहे त्यावर तिचं नाव ठरतं. पॅराशूट नीट पॅक व्हावं म्हणून दिलेले २ डॉलर ही चिरीमिरीच झाली, आणि ती द्यायची तिथे काही गरज नाही हे मी तुला अगदी खात्रीने सांगते, कारण मी स्वतः पॅकिंगच्या त्या कार्पेटवर बसलेली आहे.

ग्रीन कार्ड आलं त्या वर्षीचा अख्खा उन्हाळा मी शनिवार-रविवार पॅकिंग केलंय. तुला पॅकिंग येतं त्यामुळे यातलं बरंचसं माहितीय, पण तू एका वेळी एक करतोस, आणि दिवसाला पंचवीस करताना ते कसं असतं ते सांगते. लाइन्स (दोऱ्या) खांद्यावर घेऊन कॅनोपी (पॅराशूटचं कापड) उभी धरायची, सेल (कापडाचे कप्पे) मोजून नोज (पुढची कड) नीट करायचं, लाइन्सच्या मधलं कापड एकेका बाजूला काढायचं, स्लायडर (पॅराशूट हळू उघडावं म्हणून लाइन्सवरून खाली सरकणारं चौकोनी कापड) वरपर्यंत नेऊन चारी कोपरे जागेवर बसवायचे, टेल (मागची कड) गुंडाळायचं आणि मग ते सगळं न विसकटता हळूच जमिनीवर निजवायचं. मग त्याच्यावर स्वतः पालथं पडून हवा काढायची. नवीन झीरो पोरॉसिटीचं (हवा आरपार न जाणारं) कापड असेल तर ते इतकं सुळसुळीत असतं की एका बाजूने दाबलं की दुसरीकडून बाहेर येतं, साबण लावलेल्या बाळाला धरल्यासारखं. ते बॅगेत कोंबायचं, रबरबँडमध्ये लाइन्सचे वेटोळे अडकवायचे, आणि शेवटी गुडघा रोवून, दोरी ओढून लूपमधून पिन घालायची. रविवारी संध्याकाळी माझ्या दोन्ही तर्जन्यांची साल गेलेली असायची आणि सोमवारी जिना उतरताना गुडघे बोलायचे. त्या दहा मिनिटांत डोक्यात एवढंच असतं, ब्रेक्स लावले का, स्लायडर वर आहे का, पायलट शूट (मोठं पॅराशूट बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट) कॉक केलं, म्हणजे फुगायला तयार ठेवलं का. ही रिग कोणाची, मागच्या खेपेला त्याने किती टेकवले, याला डोक्यात जागाच नसते. आणि पॅकर बहुतेक स्वतः उड्या मारणारे असतात, ज्याचं पॅक करतायत तो संध्याकाळी त्यांच्याच शेजारी बसून जेवणार असतो. टिप नाही दिली म्हणून कोणी पॅक बिघडवला असं माझ्या इतक्या वर्षांत मी पाहिलेलं नाही.

चुका होत नाहीत असं मी म्हणत नाहीये. होतात. त्या दमल्यामुळे, उन्हामुळे आणि घाईमुळे होतात. तेव्हा तुला खरंच काळजी असेल तर तिच्यावर उपाय पैसा नाही. "माझा लोड पंधरा मिनिटांत आहे, पटकन कर ना" हे वाक्य बंद करायचं, हा पहिला उपाय. दुसरा म्हणजे रिग हातात आली की स्वतः बघायचं. पिन पूर्ण बसलीय का, ब्रायडल (पायलट शूटला जोडणारी पट्टी) नीट मार्गाने आलंय का, ब्रायडलवरच्या छोट्या खिडकीत कॉक झाल्याचा रंग दिसतोय का, हँडल जागेवर आहे का, थ्री-रिंग (बिघडलेलं पॅराशूट सोडून द्यायच्या कड्या) बरोबर आहेत का, एएडी (वेळेवर काही उघडलं नाही तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र) चालू आहे का. पॅकरसमोर बघितलंस तरी तिला राग येत नाही, उलट जो बघतच नाही त्याचीच आम्हाला चिंता वाटायची. आणि तिसरा, महिन्यातून दोन-चार उड्या तरी स्वतःच्या पॅकवर मार. पाऊण तासाचा अर्धा तास होईल, मग वीस मिनिटं, आणि ती जी भीती तू मला लिहिलीस ती आपोआप कमी होईल कारण त्या पिशवीत काय आहे ते तुझ्या हाताला माहीत असेल.

आता जिवाच्या किमतीबद्दल. व्हॉट्सअॅपवर ती एक गोष्ट फिरत असते ना, लढाऊ विमानाच्या पायलटला कित्येक वर्षांनी हॉटेलात एक माणूस भेटतो आणि म्हणतो तुमचं पॅराशूट मी पॅक केलं होतं. ती वाचून डोळे भरून येतात, माझेही आले होते. पण रोजच्या ड्रॉपझोनवर हा हिशोब चालत नाही. एक तर, तू शेडमध्ये बघितलंस ते पॅराशूट आई घेऊन उतरली ते, म्हणजे ती मुलगी पुढच्या कोणाच्या तरी आईसाठी ते पॅक करत होती. तुझ्या आईचं कदाचित आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच कोणीतरी केलेलं असेल. टँडमच्या रिग फिरत असतात, ज्याच्या पुढ्यात जी येईल ती तो करतो. आणि दुसरं, जीव सांभाळायचं काम एकट्या पॅकरच्या डोक्यावर ठेवलेलंच नाहीये, मुद्दामच. मेन, म्हणजे नेहमी उघडायचं पॅराशूट, परवानाधारक रिगरने (पॅराशूटच्या तंत्रज्ञाने), किंवा जो उडी मारणार त्याने, किंवा रिगरच्या देखरेखीखाली दुसऱ्या कोणी पॅक करायचं असा अमेरिकेतला नियम आहे. शेडमधले बरेचसे पॅकर या तिसऱ्या प्रकारातले. रिझर्व्हला, म्हणजे राखीव पॅराशूटला, मात्र रिगरशिवाय कोणी हात लावायचा नाही. तो त्याने दर १८० दिवसांनी उघडून, तपासून परत पॅक करायचा, कार्डावर सही करायची आणि दोऱ्याला स्वतःचं शिक्क्याचं सील लावायचं. म्हणजे मेनला काही झालं तर काय, हे आधीच धरून सगळं बांधलेलं आहे. म्हणूनच तिथे जिवासाठी आभार मानायची जी जुनी रीत आहे ती रिगरबाबत आहे. कोणाला रिझर्व्ह वापरावा लागला तर तो आपल्या रिगरला एक चांगली बाटली नेऊन देतो. कधी वेळ आलीच तर, आणि येऊ नये, तू ती दे. रिगर पीत नसेल तर काय आवडतं ते विचारून दे, पण चुकवू नकोस. ते खरंच जिवाचं आहे.

पॅकरला द्यायचं ते कामाचं. गुडघ्याचं, उन्हाचं आणि थांबण्याचं. हे तिसरं कोणाला दिसत नाही म्हणून जरा सांगते, आणि इथेच बाबांचं "पगार असतोच की" चुकतं. बहुतेक ठिकाणी पगार नसतो. पॅकमागे पैसे असतात. तू अॅरिझोनात आहेस, वाऱ्याचं तुला माहीतच आहे, सकाळी नऊला सुरू झालेलं अकराला बंद पडतं, धुळीच्या वावटळी उठायला लागल्या की लोड थांबतात. तू गाडीत एसी लावून बसतोस नाहीतर घरी जातोस. पॅकर जाऊ शकत नाही, कारण चारला वारा पडला तर एकदम सगळ्यांना रिग हव्या असतात. मी एकदा सकाळी सातला जाऊन संध्याकाळी सहाला तीन पॅकचे पैसे घेऊन घरी आलेय, पेट्रोलचेही सुटले नव्हते. त्याच जागी त्याच महिन्यात एका पाहुण्याने तीन दिवसांचं पॅकिंगचं खातं न चुकवता परस्पर विमान पकडलं. मॅनिफेस्टने, म्हणजे उड्यांची नोंदणी करणाऱ्या काउंटरने, हात वर केले, ते तुमचं तुम्ही बघा म्हणाले. मला रक्कम आता आठवत नाही, पण त्याची लाल-पांढरी कॅनोपी अजून आठवते. त्यामुळे टिपच्या आधीची गोष्ट ही, की खातं त्याच दिवशी चुकवायचं. निघायच्या आधी, स्वतः जाऊन. रोख नसेल तर वेन्मो (फोनवरून पैसे पाठवायचं अॅप) विचार. हे ज्याला जमतं तो टिप न देताही पॅकर लोकांना आवडतो.

आता तुझ्या मित्राचं, सवयी बिघडवता म्हणणाऱ्याचं. त्याचं अर्धं बरोबर आहे. रेस्टॉरंटातल्या वेटरसारखं हे नाहीये. तिथे फेडरल कायद्याने मालक तासाला २ डॉलर १३ सेंटवर ठेवू शकतो कारण टिप मिळेल हे गृहीत धरलेलंय (तुमच्या राज्यात आकडा वेगळा आहे पण तत्त्व तेच), म्हणून तिथे टिप न देणं म्हणजे कामाचे पैसे बुडवणं. पॅकिंगचा दर टिप गृहीत धरून कमी केलेला नसतो. ८ डॉलर सांगितले, ८ दिले, तर तू कोणाचंही काही बुडवलेलं नाहीस आणि मान खाली घालायचं कारण नाही. पण "सवयी बिघडतात" हे मला पटत नाही. कोणाच्या सवयी? हेच वाक्य आपण घरकामाच्या ताईंबद्दल, रिक्षावाल्यांबद्दल ऐकत मोठे झालो, आणि जो म्हणतो त्याची स्वतःची बोनस घ्यायची सवय कधी बिघडत नाही. तुझ्या २ डॉलरने ड्रॉपझोनचा दर बदलत नाही. फार तर कोणाचं तरी उडीचं तिकीट लवकर सुटतं. हे अक्षरशः म्हणतेय, कारण त्या शेडमधले निम्मे जण उड्या परवडाव्यात म्हणून पॅकिंग करत असतात. तिकीट तिसेक डॉलर धरलं तर चार पॅक म्हणजे एक उडी. मी तो हिशोब बोटांवर करत बसायचे.

मग किती आणि कधी? मी काय करते ते सांगते, नियम म्हणून घेऊ नकोस. साध्या दिवशी, साधं पॅक, ८ चे १० करते आणि सुटे मागत नाही. दिवसभर एकाच पॅकरकडे दिलं असेल तर दर वेळी वर न देता शेवटी एकदम देते, पाच-सहा पॅकमागे एखाद्या पॅकएवढे. बूगी (उड्या मारणाऱ्यांचा मेळावा) असेल, तीन-चार दिवस मुक्काम असेल तर शेवटच्या दिवशी, आणि त्यातल्या त्यात हात सैल सोडून, कारण त्या दिवसांत पॅकर लोकांना जेवायलाही उठता येत नाही. पण जिथे मी न चुकता देते ती जागा वेगळी आहे. माझ्यामुळे काम वाढलं असेल तिथे. ओली कॅनोपी आणली, लाइन्सचा गुंता करून आणला, लागोपाठच्या लोडवर आहे म्हणून रांगेत मधे घुसवायला लावलं, नवी कोरी कॅनोपी तिला घट्ट होणाऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे रिगच्या पिशवीत, कोंबायला लावली, तर तिथे ५ डॉलर वर द्यायलाच हवेत, आणि आधी तोंडाने कबूल करायला हवं की बाई गं, हे त्रासाचं आहे. आणि महिनाअखेर असेल, हात आखडता असेल, तर नाही देत. कोणी मनात ठेवत नाही. तुझ्या ६१ उड्या आहेत, रिगचे हप्ते चालू असतील, नवख्या माणसाचे खिसे पॅकरइतके कोणाला कळत नाहीत.

याहून जास्त मोलाचं म्हणजे रिग कशी आणून देतोस. अर्धे लोक कॅनोपीचा बोळा करून कार्पेटवर टाकतात आणि पाणी प्यायला जातात. तू लाइन्स सरळ ठेवून, ब्रेक्स लावून, पायलट शूट कॉक करून, पुढच्या लोडचा नंबर सांगून ठेवलास तर तिची दोन-तीन मिनिटं वाचतात, आणि सगळ्यांनी असं केलं तर दिवसभरात तेवढ्यात तिचे चार पॅक जास्त होतात. तेही पैसेच आहेत. आणि सराटे काढ. तू साताऱ्याकडचा आहेस, शेतात अनवाणी गेल्यावर पायात मोडायचे तेच सराटे, तिथे त्यांना गोटहेड म्हणतात, झाड तेच. उतरताना कॅनोपी जमिनीवर घासली की कापडाला आणि लाइन्सना चिकटून येतात आणि पॅकर हवा काढायला पालथी पडली की थेट तिच्या कोपरात जातात. माझ्या डाव्या कोपराला एकदा असा मोडला होता की टोक काढायला सुई लागली. चालत येतानाच झटकून, बघून आणलंस तर त्याची किंमत मी कुठल्याही टिपपेक्षा जास्त धरेन.

एक अजून. ओपनिंग जोरात झालं, मान आखडली, तर शेडमध्ये येऊन सगळ्यांसमोर "कोणी पॅक केलं होतं" असं ओरडू नकोस. बाजूला जाऊन विचार, स्लायडर बघायला लाव, आणि उघडताना तुझं शरीर कसं होतं तेही आठव, कारण लाइन ट्विस्ट (दोऱ्यांना पडणारे पीळ) बऱ्याचदा आपल्या वाकड्या खांद्यामुळेच येतात. रागारागाने पॅकर बदलण्यापेक्षा त्या पाच मिनिटांत तू जास्त शिकशील.

टँडमबद्दल मला रोज निदान एक मेसेज येतो त्यामुळे बाकीच्यांसाठीही लिहिते. टँडमच्या पॅकरला ड्रॉपझोन पैसे देतो, तुम्ही तिला भेटतही नाही, आणि तुम्ही दिलेली टिप साधारणपणे ज्याच्या हातात दिली त्याचीच राहते. तिच्या पुढ्यातलं काम मात्र आपल्या रिगच्या दुप्पट असतं, कापड साडेतीनशे चौरस फुटांच्या आसपास, अख्खी रिग वीसेक किलोच्या वर. म्हणून मॅनिफेस्टवर सरळ विचारा, पॅकरसाठी वेगळं काही ठेवता येतं का? काही ठिकाणी डबा असतो, काही ठिकाणी पाकिटावर "पॅकिंग" लिहून द्यायचं. १० डॉलर पुष्कळ झाले. व्हिडिओवाल्याचे कापून द्यायची गरज नाही, तोही कॅमेरा डोक्यावर घेऊन तुमच्यासोबत उडी मारतो, त्याचे २० रास्तच होते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला फिरायला गेलेल्यांनी डोक्याला ताप करून घेऊ नये, तिथे टिपची पद्धत नाही, मनापासून थँक्यू म्हटलं की झालं. आणि कुठेही असा, पैशांच्या ऐवजी म्हणून खायला देऊ नका, पैशांच्या बरोबर द्या. दुपारी तीनला कोणीतरी थंडगार कलिंगड कापून आणलं होतं ते मी अजून विसरले नाहीये, पण भाडं कलिंगडाने भरत नाही.

आता तुझं राहिलेलं. महिना झाला म्हणून उशीर झाला असं काही नाही. या शनिवारी जा. ती मुलगी असेल तर आधी नाव विचार, तिने किंवा तिच्या सोबतच्यांनी तुझी रिग आजवर कितीतरी वेळा पॅक केली असेल आणि तुझ्या पूर्ण पत्रात एकाही पॅकरचं नाव नाहीये. सांग की मागच्या महिन्यात माझी आई तुमच्याकडून टँडम करून गेली, हे तुम्हा सगळ्यांसाठी, आणि २० डॉलर दे. तिला द्यायचे की डब्यात टाकायचे ते ती सांगेल. बाबांना पटवत बसू नकोस, त्यांना वाऱ्याच्या दिवसाचं एकदा सांग, त्यांच्या लक्षात येईल.

आणि फोनमध्ये आईचा व्हिडिओ असेलच. फ्रीफॉलमध्ये तिचे गाल उडतायत तो भाग नको, तो सगळेच दाखवतात. पॅराशूट उघडतं ते दहा सेकंद लाव आणि त्या मुलीच्या हातात दे. आम्हाला ते कधी बघायला मिळत नाही, आम्ही कायम खाली मान घालून कापडात असतो. ती आईचा चेहरा बघणार नाही, सांगून ठेवते. ती स्लायडर कसा खाली येतोय ते बघेल, आणि नीट आला तर परत एकदा लाव म्हणेल.

तुझी ताई